रोज दुपारी आत कोण येतं?

रक्ततपासणीच्या लॅबमधला सर्व्हर पुन्हा रुसला, तेव्हा वहिनीच्या मनात पहिलं नाव आलं ते दिराचं. जुने रिपोर्ट उघडत होते, पण नवीन काही सेव्ह होत नव्हतं. मशीन बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

आधी हा सर्व्हर दीरच सांभाळायचा. सुट्टीवरून त्याचं लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाईंशी वाजलं, रागाच्या भरात त्यानं नोकरी सोडली, आणि ती जागा वहिनीला मिळाली. घरात उघड कुणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. राग गिळून गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालायचा, तिचा लॉग, म्हणजे नोंदवही, तिनं उघडली. सर्व्हरमध्ये कोण कधी शिरलं हे त्यात दिसतं. रोज दुपारी दिराच्या खात्यावरून कुणीतरी आत येत होतं, तेही लॅबच्याच नेटवर्कमधून. म्हणजे हा वाय-फायच्या टप्प्यात कुठेतरी येऊन बसतो की काय? तिनं खिडकीतून समोरच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर एक बाई बाळाला खेळवत होती. तरी वहिनीनं पडदा ओढून घेतला आणि दिराचं खातं बंद करून टाकलं.

त्या संध्याकाळी जेवताना तिला राहवलं नाही.

"भाऊजी, लॅबमधलं तुमचं खातं बंद केलंय मी."

त्याचा घास हातातच राहिला. "का? वहिनी, अहो, त्या खात्यावर तर..."

"सारवासारव नकोय मला. चेहऱ्यावरच दिसतंय सगळं."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तो ताटावरून उठला. चोराला चोरी पकडल्याचा राग आला, असंच वहिनीनं मनाशी ठरवलं.

पण सर्व्हर काही सुधारेना. याने आणखी कुठून तरी चोरवाट ठेवली असणार! तिनं झाडून सगळे पासवर्ड बदलले. नमुने गोळा करणाऱ्या मुलीचं आणि दिराचं पूर्वी चांगलं जमायचं, म्हणून तिच्यावरही नजर ठेवली. शेवटी तिनं वाय-फाय बंद केलं आणि इंटरनेटची वायरच उपटली.

तरीही दुपारी रिपोर्ट सेव्ह होईनासे झाले.

आता बाहेरून कुणी येणं शक्यच नव्हतं. वहिनी डोकं धरून बसली, आणि मग पहिल्याच दिवशी जे बघायला हवं होतं ते तिनं बघितलं. आत कोण आलं हे सोडून, मशीन स्वतःबद्दल काय सांगतंय ते. स्क्रीनवर रिपोर्ट साठवणाऱ्या डिस्कच्या चुकांची रांगच लागली होती. डिस्क मरणपंथाला लागली होती. आहे तो डेटा आणखी बिघडू नये म्हणून लिनक्सच डिस्कवर नवीन काही लिहिणं थांबवत होतं.

मग दुपारचा तो पाहुणा कोण? नेटवर्कचा पत्ता धरून ती शोधत गेली. सामानाच्या खोलीत, हातमोज्यांच्या खोक्यांमागे एक छोटं मशीन घरघरत होतं. तिनं त्याला स्क्रीन जोडली. दिरानंच कधीतरी बसवलेलं ते मशीन रोज त्याच्या खात्यावरून आत जाऊन सगळ्या रिपोर्टांची प्रत काढून ठेवत होतं. तिनं खातं बंद केल्यापासून एकही प्रत निघाली नव्हती.

तिनं त्याला फोन लावला. "भाऊजी, डिस्क चाललीय. आणि बॅकअप... मीच बंद पाडलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "मशीन बंद केलंत?"

"करणारच होते. बंद-चालू केलं की..."

"हात लावू नका! परत उठेल याचा भरवसा नाही. अजून वाचता येतंय ना? मी निघालो."

तो आला तो थेट सर्व्हरपाशी. ताजे रिपोर्ट आधी, मग मागचे, असं करत दोघांनी जमेल तेवढं दुसऱ्या मशीनवर ओढलं. मध्येच डिस्क खडखडायची, आणि दोघंही श्वास रोखून धरायचे. बरंच वाचलं. जे गेलं, त्यातल्या बऱ्याच जणांचं रक्त फ्रीजमध्ये शिल्लक होतं, ते पुन्हा तपासायला लावलं. बाकीच्यांना वहिनीनं स्वतः फोन केले. "चूक आमची आहे, पुन्हा रक्त द्यायला याल का?" कुणी समजून घेतलं, कुणी चांगलंच झापलं. डॉक्टरीणबाईंना तिनं काही न लपवता सगळं सांगितलं.

नवी डिस्क बसली. दिरानं बॅकअपसाठी वेगळं खातं उघडून दिलं आणि स्वतःचं कायमचं पुसून टाकलं.

"असू द्यायचं होतंत," ती म्हणाली.

"नको. पुढच्या वेळी काही बिघडलं तर माझं नाव नको तिथे." तो वायर गुंडाळत होता. "एकदा विचारायचं तरी होतंत, वहिनी."

"विचारलं असतं तरी तुमचं खरं वाटलं नसतं मला," ती खाली मान घालून म्हणाली. "घरी आज आईंसमोर सांगते, की चुकले मी."

त्यानं गुंडाळलेली वायर खणात ठेवली. निघताना तो जिन्यात थांबला, आणि ती कुलूप लावून येईपर्यंत थांबूनच राहिला.