दोन घरांची एक टाकी

मंगळवारी सकाळी धाकट्या जावेच्या संडासातलं पाणी खाली जायचं सोडून वर आलं. आधी नुसतं गुडगुडलं, मग बाथरूमच्या जाळीतून काळपट पाणी आणि त्याच्यामागून नाक फाटेल असा वास.

प्लंबरने पाइपात लांब तार घालून पाहिली. "पाइप मोकळा आहे, ताई. सेप्टिक टाकी भरलीय. कुठंय टाकी?"

इथेच घोडं अडलं. सासरे गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या, शिलाई मशीनवरून दोघी जावांचं बिनसलं, आणि चार वर्षं अबोला चालू होता. खोल्या वाटल्या, अंगणात भिंत आली, नळही वेगळे झाले. जमिनीखालची टाकी वाटायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ती थोरलीच्या बाजूला राहिली.

नवरा फिरतीवर होता. धाकटीने मन घट्ट करून थोरलीची बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा थोरलीच्या नाकाला रुमाल होता.

"तुझ्याकडेही?" थोरलीने विचारलं.

"हो. जाऊबाई, झाकण कुठंय?"

झाकण थोरलीच्या गुलाबांखाली होतं. टाकी उपसणारा टँकर बोलावून दोघींनी अकरा कुंड्या हलवल्या, कंबर धरत, एकमेकींकडे न बघता.

टँकरवाला पिकल्या मिशांचा माणूस होता. त्याने झाकण सरकवलं आणि थोरली वाकून बघू लागली, तसा तो ओरडलाच. "मागे व्हा, ताई! आतला वायू दिसत नाही. वाकलेला माणूस पुन्हा उठत नाही. मीसुद्धा आत उतरत नाही, माझा पाइप उतरतो."

धाकटीने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

टँकरवाल्याने लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळलं, टाकीत तळापर्यंत घातलं आणि हळूच वर काढलं. वर तेलकट थर, खाली हातभर काळा गाळ, मध्ये स्वच्छ म्हणावी अशी जेमतेम दोन बोटांची पट्टी.

"जड असतं ते तळाला बसतं, तेलकट वर तरंगतं. मधलं पाणी तेवढं शोषखड्ड्यात जायला हवं. इथे मध्ये जागाच नाही. मागे कधी उपसली होती?"

दोघींनी पहिल्यांदा एकमेकींकडे पाहिलं. "मामंजी होते तेव्हा," थोरली म्हणाली.

"दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. आणि एवढं तेल कोण ओततं?"

धाकटी जमिनीकडे बघू लागली. ती घरून डबे द्यायची, आणि कढईतलं तेल मोरीत जायचं.

"मला वाटलंच होतं!" थोरली म्हणाली.

"आणि ॲसिड?" टँकरवाल्याने विचारलं.

आता जमिनीकडे बघायची पाळी थोरलीची होती. फरशी चकचकीत हवी म्हणून ती एक दिवसाआड मगभर ओतायची.

"गाळ खाणारे जंतू असतात टाकीत," टँकरवाला म्हणाला. "एकीने न पचणारं खायला घातलं, दुसरीने खाणाऱ्यांनाच विष दिलं. टाकी बिचारी काय करणार?"

धाकटीला हसू फुटलं. थोरलीने डोळे वटारले, पण ओठ तिचेही हलले.

पंप तासभर घरघरला. शेवटी थोरली म्हणाली, "तळ घासून काढा हो."

"मुळीच नाही. विरजणासारखा थोडा गाळ राहू द्यायचा." त्याने झाकण नीट बसवलं. "कुंड्या दुसरीकडे ठेवा."

टँकर गेल्यावर थोरली साबण आणि खराटा घेऊन आपणहून धाकटीकडे आली. बाथरूम धुता धुता चार वर्षांत कोण आजारी पडलं, कोणाचं लग्न ठरलं, सगळं बोलून झालं. थोरलीची मुलगी वसतिगृहात राहायला गेली हे धाकटीला त्या दिवशी कळलं, भिंतीला भिंत लागून असताना.

"तरीच तिचं गाणं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"सहा महिने झाले," थोरली म्हणाली, आणि जाळीवर खराटा जोरजोरात घासू लागली.