तीन बोळे, तीन रेघा

किल्ली काढून हातात घेतली तरी गाडी बंद होईना, तेव्हा वस्तादांची लेक आधी किल्लीकडे आणि मग वडिलांकडे बघायला लागली. वडील उघड्या बोनेटसमोर उभे होते आणि त्यांची दातखीळ बसली होती.

असं होऊ शकतं हे वस्तादांना माहीत नव्हतं असं नाही. उलट त्यांच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि टर्बोवाल्या गाड्यांच्या मालकांना फोनवरून सल्ले द्यायला लागले. ग्रुपमध्ये नऊशे माणसं होती. गॅरेजवाल्यावर ज्यांचा काडीचा भरवसा नाही आणि स्वतःच्या हातांवर नको तितका आहे, अशी. कुणाची गाडी शिट्टी मारते, कुणाची चढावर दम टाकते, कुणाला पार्ट नवा घ्यावा की जुना साफ करावा हे कळत नाही. वस्ताद रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून एकेकाला तोंडी उत्तर रेकॉर्ड करून पाठवायचे. सुरुवात ठरलेली असायची, "मंडळी, हात पुसा आणि ऐका." बायको आतून म्हणायची, झालं उंटावरून शेळ्या हाकणं सुरू. पण भाजी चिरता चिरता कान तिचेही तिकडेच असायचे, आणि नऊ वर्षं रोज कानावर पडलं की भिंतीलाही पाठ होतं.

वस्तादांचा सगळ्यात गाजलेला नियम बोळ्यांचा. टर्बो म्हणजे शेवटी इंजिनात हवा कोंबणारा पंखा, पण तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्यात मुगाएवढा खडा गेला तरी पात्यांचा चुरा. म्हणून पाइप सोडला की त्याच्या तोंडात लगेच कापडाचा बोळा घालायचा. आणि बोळा आत विसरू नये म्हणून, एक बोळा घातला की पुढच्या टायरवर खडूने एक रेघ ओढायची, बोळा काढला की अंगठ्याने रेघ पुसायची. टायरवर रेघ असेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. वस्तादांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू असायचा. ग्रुपमधल्या कितीजणांनी त्यांचं बघून खडू बाळगायला सुरुवात केली होती, याचा त्यांना भारी अभिमान होता.

मागच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या हातांनी जावयाच्या गाडीचा टर्बो बदलला होता. जावई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. मितभाषी माणूस, एकदा बघितलेलं पुन्हा बघायची सवय असलेला. त्याने पार्ट सासऱ्यांच्या जुन्या दुकानातून न घेता परस्पर ऑनलाइन मागवला, तेवढ्यावरून वस्ताद फुगले होते. तरी काम त्यांनी केलं. बायकोने त्यांचा जुना पायजमा फाडून तीन बोळे करून दिले, टायरवर तीन रेघा पडल्या, सगळं नियमाने.

सोमवारी जावयाचा फोन आला की गाडीला ओढ नाही. वस्ताद म्हणाले, नवा पार्ट आहे, रुळू द्या. बुधवारी त्याने लांबच्या चढावर पाय दाबला, तेव्हा पुढून किंकाळीसारखा आवाज आला आणि मागे निळा धूर. गाडी ढकलत घरी न्यावी लागली. वस्तादांनी गाडी डोळ्यांनी न बघता निकाल दिला. माल खोटा. आणि एवढ्यावर गप्प बसले असते तर ते वस्ताद कसले! त्यांनी ग्रुपमध्ये रेकॉर्डिंग टाकलं, मंडळी, आमच्या घरचंच उदाहरण घ्या, आमच्या जावईबापूंनी सासऱ्याचं न ऐकता स्वस्तातला माल आणला आणि चार दिवसांत हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. नऊशे माणसं हसली. कुणीतरी असल्या मालाला 'जावई-छाप' असं नावही देऊन टाकलं. जावई त्याच ग्रुपमध्ये होता. त्याने ब्र काढला नाही. लेकीने मात्र तीन दिवस बापाचा फोन उचलला नाही, आणि आज गाडी दोरीने ओढून आणली तेव्हा ती घरात पाणी प्यायलाही न येता स्टिअरिंगसमोरच बसून राहिली. वस्तादांना ते लागलं होतं. पण पार्ट उघडून तिच्यासमोर धरला की तिचं तिलाच कळेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी हवेच्या फिल्टरचा डबा काढून बाजूला ठेवला आणि लेकीला गाडी सुरू करायला सांगितली. जावई हळूच म्हणाला, न सुरू करताच उघडलं तर? वस्तादांनी हात झटकला. आवाजावरून रोग सांगणारा माणूस तो, ऐकल्याशिवाय कसा राहील?

गाडी सुरू झाली. दोन क्षण बरी चालली आणि मग कुणी पाय न लावता आपोआप चढत गेली. आतली सील फुटून टर्बो तेल ओकत होता, आणि इंजिन आपलंच तेल पिऊन पळायला लागलं होतं. डिझेलची गाडी, तिला ठिणगी लागत नाही, तेल आणि हवा मिळाली की पुरे. लेकीने किल्ली फिरवली, उपसून काढली. काही फरक पडला नाही. ऑटोमॅटिक गिअर, त्यामुळे गिअरमध्ये घालून इंजिन दाबून बंद पाडायचीही सोय नव्हती. अंगण निळ्या धुराने भरलं. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. अख्खी गाडी जागच्या जागी थडथडत होती आणि आत लेक किल्ली मुठीत धरून बसली होती.

वस्तादांना वाक्य न वाक्य पाठ होतं. किल्ली विसरा, हवेचं तोंड बंद करा, फळीने करा, हाताने नाही, हात आत ओढला जाईल. हे त्यांनी किमान पन्नास वेळा रेकॉर्ड केलं असेल. आज त्यातला एक शब्द तोंडातून बाहेर पडेना. पाय जमिनीला खिळले. इंजिन फुटणार, तुकडे उडणार, पोर आत आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं आणि हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबकळत होते.

जावयाने हवेच्या पाइपाच्या उघड्या तोंडाकडे तळवा नेला.

तेवढ्यात वस्तादांची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. हातात भाजी चिरायची फळी होती. तिने त्या फळीने आधी जावयाच्या मनगटावर सणसणीत तडाखा दिला आणि मग तीच फळी पाइपाच्या तोंडावर दाबून अंगाचा सगळा भार टाकला. इंजिन घुसमटलं, दोनदा हिसके दिले आणि बंद पडलं.

मग इतकी शांतता झाली की फळीवरून कांद्याची फोड खाली पडलेली ऐकू आली. लेक बाहेर आली आणि आईला धरून उभी राहिली. जावई मनगट चोळत होता. वस्तादांना आता कुठे वाचा फुटली, आणि सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, की बघितलंत, म्हणून सांगत होतो, माल पारखून घ्यावा.



तासाभराने इंजिन निवल्यावर वस्तादांनी पट्टे सोडून पाइप उपसला. आतला पंखा उघडा पडला. दोन पाती मोडली होती, बाकीची वाकली होती. आणि त्यांच्यात गच्च गुंडाळलेलं, तेलाने काळं झालेलं काहीतरी होतं. त्यांनी चिमट्याने ओढलं. लांबच लांब चिंधी निघत आली. शेवटचं टोक तेलापासून वाचलं होतं. पांढऱ्यावर हिरवे पट्टे.

बायको जवळ येऊन बघत म्हणाली, "हा तुमचा पायजमा. मीच फाडून दिला होता."

आता इथे माणसाने खाली बसावं आणि कबूल करावं. पण नऊ वर्षांची वस्तादगिरी अशी एका चिंधीने उतरत नाही. त्यांनी जावयाकडे वळून विचारलं, "हा बोळा काढायचा तुमच्याकडे होता ना?"

विचारल्या विचारल्या त्यांना स्वतःचीच किळस आली, पण शब्द गेला तो गेला. जावई गोंधळून म्हणाला, "मी विचारलं होतं बाबा तुम्हाला."

"कधी? मला नाही आठवत."

लेक पुढे झाली. "किती वाजता काम चाललं होतं?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने सांगितलं. तिने फोन काढला, ग्रुपमधलं मागच्या रविवारचं, नेमक्या त्या वेळेचं रेकॉर्डिंग शोधलं आणि फोन गाडीच्या टपावर ठेवला.

वस्तादांचाच आवाज. मंडळी, हात पुसा आणि ऐका. शाळेच्या व्हॅनवाल्याचा प्रश्न आलाय, टर्बो स्वतः बदलला पण गाडीला ओढ नाही म्हणतो. अरे, नवा पार्ट आहे, रुळू दे, आठ दिवस चालव. आणि बाकीच्यांनीही लक्षात ठेवा, बोळे मोजून घाला, मोजून काढा... इथे मागून, लांबून, जावयाचा हळू आवाज आला, "बाबा, तिसऱ्या पाइपातला बोळा काढला का? टायरवर एक रेघ आहे अजून." आणि लगेच वस्ताद, जवळून, ठसक्यात, "काढला हो, काढला. मधे बोलू नका, रेकॉर्डिंग चाललंय." मग घासल्याचा आवाज. टायरवर अंगठा फिरल्याचा.

नऊशे माणसांनी हे ऐकलं होतं. वस्तादांनी स्वतः पाठवण्याआधी एकदा ऐकलं होतं. कुणाच्याही कानात ते शिरलं नव्हतं, कारण सगळे वस्तादांना ऐकत होते. त्यांनी टपाला हात टेकला.

"तुम्हाला हे माहीत होतं?" त्यांनी जावयाला विचारलं. "सगळे हसत होते, तेव्हाही?"

जावई म्हणाला, "नाही बाबा. तुम्ही काढला म्हणालात ना, मग मी पुन्हा बघितलंच नाही. मला वाटलं, माझा पार्टच खोटा निघाला."

ओरडला असता, टोमणा मारला असता, तर वस्तादांनी सोसलं असतं. कदाचित उलट उत्तरही दिलं असतं. पण दिवसभर परक्यांची भिंगं दोनदोनदा तपासणाऱ्या माणसाने वस्तादांच्या एका शब्दावर बघणं सोडलं होतं, आणि त्याबद्दल स्वतःलाच दोषी धरून इतके दिवस काढले होते. त्याच माणसाचा हात मघाशी पाइपात जात होता, आणि आपण दगडासारखे उभे होतो. वस्ताद अंगणातल्या खुर्चीत बसले आणि त्यांना रडू आलं. लेकीने आणि बायकोने त्यांना रडू दिलं.

थोड्या वेळाने त्यांनी फोन उघडला. तेच जुनं रेकॉर्डिंग पुन्हा ग्रुपमध्ये टाकलं. त्याखाली चिंधीचा फोटो टाकला. मग बोलायला सुरुवात केली. मंडळी, हात पुसा, एवढं म्हणून ते थांबले, आणि पुढे सरळच म्हणाले, "मागून येणारा आवाज ऐका. तो बरोबर होता, मी चुकलो. माल खोटा नव्हता. जावयांची माफी मी नऊशे जणांसमोर मागतोय, कारण बदनामीही तेवढ्यांसमोरच केली होती."

कुणी हसलं नाही, कुणी अंगठाही दाखवला नाही. वस्ताद फोनकडे टक लावून बसले. मग एकच उत्तर आलं. शाळेच्या व्हॅनवाल्याचं.

त्याने लिहिलं होतं, "वस्ताद, मीही तीन बोळे घातले होते. आता आठवून बघतोय तर दोनच काढल्याचं आठवतंय. ओढ अजून नाही. तुम्ही म्हणालात म्हणून आठ दिवस तशीच चालवली. उद्या सकाळी चौदा मुलं आहेत."

वस्तादांनी ते दोनदा वाचलं. मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच उत्तर रेकॉर्ड न करता टाइप केलं, किल्लीला हात लावू नकोस, पत्ता पाठव, आम्ही येतो. उठून त्यांनी पान्यांची पेटी उचलली. दारापर्यंत गेले आणि वळून जावयासमोर येऊन उभे राहिले. खिशातून खडू काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.

"चला जावईबापू," ते म्हणाले. "रेघा तुम्ही ओढा. आणि मी काढला म्हणालो, तरी बघितल्याशिवाय पुसू नका."