चारचा टोला

त्या दिवशी थंडी मेली अशी होती की तोंड उघडलं तरी दात ठणकत. आणि घड्याळवालीला रिकामा दिवस सापडला तो नेमका हाच. बंदराच्या या शहरात ती जुन्या घड्याळांचे सुटे भाग घ्यायला आली होती. खरेदी आदल्या दिवशीच उरकली आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. खोलीत बसून भिंतीचे पोपडे मोजण्यापेक्षा शहर तरी बघावं, म्हणून ती मफलर गुंडाळून निघाली.

जिन्यातच आईचा फोन आला. "पाण्याजवळ जाऊ नकोस हं."

"आई, बंदर आहे हे. पाण्याजवळ नाही तर कुठे जाऊ?"

"मला शिकवू नकोस. चारला परत फोन करते. उचल म्हणजे झालं."

आईचं तरी काय चुकत होतं? बावीस वर्षांपूर्वी बाबा एका बेटावरचं घड्याळ दुरुस्त करायला गेले आणि परतीची बोट बुडाली. प्रवाशांच्या यादीत नाव होतं, माणूस काही सापडला नाही. तेव्हा घड्याळवाली बारा वर्षांची होती. आईने त्यानंतर समुद्राकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. पुढे मोठी झाल्यावर लेकीनेच बाबांच्या दुकानाचं कुलूप उघडलं.

शहर बघायचं म्हणजे तरी काय बघायचं! जहाजांचं संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद. दीपगृह वाऱ्यामुळे बंद. मासळी बाजारात नुसती ओली फरशी आणि पाणी मारणारी एक बाई, तीही वैतागलेली. धक्क्यावर जाड दोरखंड पडले होते, त्यांच्यावर पांढरं दव गोठलं होतं. दोन चहा पिऊनही हुडहुडी जाईना. साडेतीन वाजता तिला एकच दार उघडं दिसलं, घड्याळाच्या मनोऱ्याचं.

तिकीटवाला दोन कोट घालून शेगडीला चिकटून बसला होता. "एकशे बारा पायऱ्या आहेत बाई. खाली आल्यावर मला शिव्या घालायच्या नाहीत."

"आतलं यंत्र बघता येईल का? मी घड्याळं दुरुस्त करते."

तो खूश झाला. दिवसभरातलं पहिलंच गिऱ्हाईक होतं ते. त्याने किल्ली काढून दिली. "बघा की. पण हात लावू नका, नाहीतर आमचा म्हातारा माझा जीव घेईल. दर शुक्रवारी चारला येतो चावी द्यायला. आज शुक्रवारच आहे."

यंत्र मात्र पाहण्यासारखं होतं! माणसाएवढी लोखंडी चौकट, ताटाएवढी पितळी चाकं, आणि खाली सावकाश झुलणारा लंबक. कुठे धुळीचा कण नाही, तेलाचा ओघळ नाही. 'म्हाताऱ्याचा हात चांगला आहे हो,' ती मनात म्हणाली. आणि मग सवयीने खिशातली बॅटरी काढून ती चौकटीच्या मागे वाकली.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची ही जुनी खोड. काम झालं की आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, सुईने तारीख आणि आपली खूण कोरायची. पुढच्या कारागिराला कळावं, आधी कोणाचा हात लागलाय ते. मागच्या पितळी पत्र्यावर खुणांची रांगच होती. छोटं वर्तुळ, त्यात पावणेतीन वाजलेले दोन काटे, आणि शेजारी तीन टिंबं.

वर्तुळ बाबांचं होतं. आणि टिंबं तिची! लहानपणी ती बाबांना बॅटरी धरून उजेड द्यायची, चिमट्याने बारके स्क्रू उचलून द्यायची. म्हणून बाबा तिला चिमटी म्हणत, आणि आपल्या खुणेशेजारी तिचीही खूण कोरत. 'काम दोघांनी केलं, तर खूण दोघांची.'

म्हणजे बाबा जाण्याआधी इथेही काम करून गेले होते तर! तिचे डोळे भरून आले. किती बरं वाटलं तिला, काय सांगू. मफलरने डोळे पुसून तिने बॅटरी जवळ नेली आणि पहिली तारीख वाचली.

बोट बुडाल्यानंतर आठ महिन्यांची तारीख.

तिने पुन्हा वाचली. बोटाने पत्रा पुसून वाचली. खालची त्याच्या पुढच्या वर्षीची होती. तिच्याखालची त्याच्या पुढच्या. दर वर्षी एक, एकही वर्ष चुकलं नव्हतं. शेवटची दीड महिन्यापूर्वीची. आणि प्रत्येकीच्या शेजारी तिची तीन टिंबं.

ती तिथेच गारठलेल्या फरशीवर बसली. बाबा जिवंत होते. इथे, एका दिवसाच्या गाडीच्या अंतरावर! आणि आई बावीस वर्षं रोज रात्री दाराची कडी लावताना एकदा बाहेर डोकावत होती. कसं जमलं या माणसाला? दर वर्षी सुई घेऊन लेकीची टिंबं कोरायला जमत होतं, आणि एक पत्र टाकायला जमत नव्हतं?

हात लावू नका, म्हणाला होता तिकीटवाला. चारला पाच मिनिटं कमी होती. ती उठली आणि तिने दोन्ही हातांनी लंबक धरला. आधी तो तिलाच खेचू लागला, मग थांबला. सगळं यंत्र गप्प झालं.

चार वाजून गेले. टोला पडलाच नाही. तिने झरोक्यातून खाली पाहिलं. चौकातून एक म्हातारा येत होता, डावा खांदा खाली टाकून. मध्येच तो थबकला. वर पाहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा वर पाहिलं आणि चक्क पळत सुटला.

जिन्यावर पावलं धाडधाड वाजली. दार उघडलं. म्हातारा धापा टाकत आत शिरला आणि तिच्या अंगावरून थेट यंत्राकडे गेला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. लंबकाला हलका धक्का दिला, डोळे मिटले आणि उजवा कान चौकटीला लावला. डाव्या कानाने बाबांना जन्मापासून ऐकू येत नसे.

बावीस वर्षांत घराकडे एक पाऊल टाकलं नाही या माणसाने, आणि पाच मिनिटं हुकली तर एकशे बारा पायऱ्या पळत चढला! तिला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "बाबा."

त्यांनी डोळे उघडले. रंगच उडाला त्यांच्या चेहऱ्याचा. "चिमटे?"

"बोट बुडाली होती ना तुमची?"

"मी चढलोच नव्हतो त्या बोटीत. उशीर झाला." त्यांनी चौकटीला घट्ट धरलं. "दुसऱ्या दिवशी यादीत माझं नाव वाचलं. आणि खोटं कशाला बोलू... वाटलं, सुटलो. दुकान, घर, सगळ्यातून. म्हटलं, आठ दिवस राहू आणि मग जाऊ. मग कुठल्या तोंडाने जाणार होतो?"

"आणि आम्ही?"

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. चारला करते म्हणाली होती ना आई, थोडा उशीर झाला इतकंच. तिने उचलला.

"जेवलीस का गं? आणि पाण्याजवळ नाही ना गेलीस?" आईचा आवाज त्या खोलीत स्वच्छ ऐकू आला. बाबांचा हात चौकटीवरून सुटला.

खोटं बोलणं किती सोपं होतं! जेवले, नाही गेले, उद्या येते. ती शब्द जुळवतही होती. पण या टिंबांचं गुपित आता तिलाही ठाऊक झालं होतं. आज गप्प बसली असती, तर पुढच्या वर्षीच्या खुणेत तिचाही हात लागला असता.

"आई, तू आधी खाली बस. बसलीस? इथे एक माणूस आहे. तो बोलेल तुझ्याशी."

तिने फोन पुढे केला. बाबांनी तो घेतला आणि डाव्या कानाला लावला.

"हॅलो?" आई म्हणत होती. "कोण आहे? बोला ना."

घड्याळवालीने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यांच्या उजव्या कानावर घट्ट धरला.