हातात हात कोरलेला खडा

मी अंगठीतला लाल खडा बोलतोय. नखाएवढा माझा देह, त्यावर एकमेकांना घट्ट धरलेले दोन हात कोरलेत. लोक बघतात आणि हळवे होतात. खरं सांगू? ते ओस्तिया बंदरातल्या दोन तेलव्यापाऱ्यांचे हात. भागीदारी ठरली म्हणून त्यांनी मला कोरून घेतलं आणि जन्मभर एकमेकांना फसवलं. रोमन सम्राटांचा काळ होता तो. त्या व्यापाऱ्यांपैकी एक मला बोटात घालून न्हाणीघरात गेला, गरम पाण्यानं डिंक सुटला आणि मी गटारात पडलो. शतकानुशतकं तिथंच होतो. सुखात होतो.

मग खोदकामात वर आलो आणि फिरत फिरत रोममधल्या फुल्जेन्सिओ सोनाराकडे पोचलो. त्यानं मला नव्या सोन्यात बसवलं. सोनं अस्सल, पण मला पक्कं धरायला त्याच्या कडा दाबायचा कंटाळा. गोंदाचा थेंब टाकून मोकळा झाला. गिऱ्हाइकाला मात्र गहिवरून सांगायचा, "कुलीन बाईच्या थडग्यात सापडला हो. अमर प्रेमाची खूण!"

कोर्रादो नावाचा तरुण हे ऐकून विरघळलाच. त्यानं मला होणाऱ्या बायकोसाठी, एर्सिलियासाठी घेतलं. साखरपुड्याच्या जेवणात त्याची आई एर्मेलिंदाबाई म्हणाली, "बघू गं अंगठी, मला कशी दिसते." घातली ती घातलीच. "लग्नापर्यंत राहू दे माझ्याकडे. तुम्ही पोरं वेंधळी!"

आणि लग्न बाईंच्या गुडघेदुखीपायी लांबतच गेलं. कोर्रादोनं आईपुढे एकदा तरी तोंड उघडावं, एवढंच एर्सिलियाला हवं होतं. तो खाली मान घालून पास्ता गुंडाळत बसायचा.

परवा गुडघ्यांसाठीच तिघं वितेर्बोच्या गरम झऱ्यांवर गेली.

"अंगठी काढून ठेवता का?" एर्सिलियानं विचारलं.

"तुझा जीव का वरखाली होतोय? दोन हजार वर्षं टिकलाय हा!"

बाई तशाच पाण्यात उतरल्या. ती ऊब माझ्या ओळखीचीच. गोंद सुटला आणि मी वाहत वाहत कडेच्या गटाराच्या जाळीवर जाऊन अडकलो. बाईंनी बोटाकडे पाहिलं, रिकामी अंगठी काढली आणि एर्सिलियाच्या हातात कोंबली. "घे बाई. नाहीतरी तुझीच होती."

एर्सिलियानं कोर्रादोकडे पाहिलं. तो म्हणाला, "मम्मा, सावकाश, पाय घसरेल."

"त्यांनाच घाल," अंगठी त्याच्या तळहातावर ठेवत ती म्हणाली. "त्यांच्याच मापाची आहे." टॉवेल उचलून ती निघाली. जाताना मी तिला दिसलो. वाटलं, उचलेल. तिनं पायाच्या अंगठ्यानं मला हलकेच आत ढकललं.

मला तिचा मुळीच राग आला नाही. आता पुन्हा गटारात आहे. कुणाला सापडलोच, तर थडग्याच्या गोष्टी सांगू नका. आणि प्रेमिकांनाच विकणार असाल, तर आधी घेणाऱ्या मुलाला आईसमोर एक वाक्य बोलून दाखवायला सांगा.