कोठाराची आतली बाजू

कॅल्शियम म्हटलं की लोकांना दूध आठवतं, नाहीतर म्हाताऱ्यांची गुडघेदुखी. आत्याला आठवायचं ते दार. गेली कित्येक वर्षं ती त्या एका दाराच्या मागे हात धुऊन लागली होती, आणि दार इतकं बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचं नाही.

कुणी विचारलंच तर ती समजावून सांगे. हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. ठोका पडायची वेळ झाली की बाहेरून चिमूटभर कॅल्शियम पेशीत शिरतं आणि कोठाराच्या दाराला जाऊन चिकटतं. तेवढ्यानं दार उघडतं, आतलं कॅल्शियम भसाभसा बाहेर पडतं आणि स्नायू आवळतो. मग दार मिटतं, सांडलेलं परत आत भरलं जातं, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत सगळं शांत. "म्हणजे कॅल्शियमच कॅल्शियमला बाहेर बोलावतं?" ऐकणारा हमखास विचारायचा. "हो. आणि फारच झालं तर तेच दार लोटूनही घेतं." यावर प्रयोगशाळेतले सर म्हणायचे, "किल्ली तेच, कडी तेच आणि मालही तेच. असल्या घराला राखणदार लागतो, म्हणून तर आपल्याला पगार मिळतो!"

तिचा मोठा भाऊ, दादा, तिला याच दारावरून चिडवायचा. "काय गं, उघडलं का तुझं दार?" घरात पाऊल टाकताच पहिला प्रश्न हा. हा दादा ऑफिसच्या फुटबॉल सामन्यात गोल मारून, दोन्ही हात वर करून आनंदानं ओरडत पळाला आणि पळता पळता कोसळला, तो उठलाच नाही. तेव्हा कुणाला काही कळलं नाही. धडधाकट माणूस, छातीत कधी साधी कळ आलेली नाही. सगळ्यांनी कपाळाला हात लावला आणि नशिबाला बोल लावून मोकळे झाले. त्याची मुलगी तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होती.

ती मुलगी म्हणजे भिंगरी. हे नाव आत्यानंच पाडलेलं, कारण पोर चालायला शिकली ती पळूनच. आता ती उंच झाली होती, शाळेच्या मैदानावर तिच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. एकदा शर्यत संपताना तिला चक्कर आली. ऊन लागलं असेल म्हणून तिच्या आईनं, म्हणजे आत्याच्या वहिनीनं, लिंबूपाणी दिलं, पण डॉक्टरांनी दादाची हकीकत ऐकली आणि त्यांचा चेहराच बदलला. रक्त तपासायला गेलं. उत्तर आलं ते असं, की भिंगरीच्या शरीरात त्या दाराच्याच घडणीत एका ठिकाणी बदल आहे. "असा बदल आजवर कुणात पाहिलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "घातक आहे की निरुपद्रवी, छातीठोक सांगता येत नाही. तोवर धावणं बंद."

भिंगरीनं बूट पलंगाखाली सरकवले. ती जेवायची, शाळेत जायची, विचारलं तेवढंच बोलायची. बघवत नव्हतं. शेवटी वहिनी आत्याला म्हणाली, "अगं, तुझंच दार ना ते? मग जगाची वाट कशाला बघायची? तूच बघ की."

आत्यानं बघितलं. भिंगरीच्या दारासारखं दार तिनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घडवून घेतलं, आणि दोन इवल्याशा वाट्यांच्या मधे तेलकट पापुद्र्यात बसवलं. एक वाटी म्हणजे दाराची बाहेरची बाजू, दुसरी म्हणजे कोठाराची आतली. दार उघडलं की पडद्यावरची रेघ उडी मारते, मिटलं की खाली येते. बाहेरच्या वाटीत तिनं आधी विश्रांत पेशीत असतं तेवढंच, म्हणजे जवळजवळ नाहीच इतकं कॅल्शियम ठेवलं. दार मिटलेलं. चिमूटभर वाढवलं. उघडलं, अगदी निरोगी दारासारखं. खूप वाढवलं. पुन्हा मिटलं. या धंद्यात काचेवर कुणी विश्वास टाकत नाही, काच स्वतःच कॅल्शियम सोडते. म्हणून तिनं नव्या प्लास्टिकच्या बाटल्यांत सगळी द्रावणं परत बनवली आणि आणखी दोनदा बघितलं. तेच.

"घाई करू नकोस," सर म्हणाले.

"घाई कसली, सर? तीनदा केलं."

डॉक्टरांनी तिच्या रेघा पाहिल्या. चालत्या पट्ट्यावर भिंगरीला पळवून काढलेला हृदयाचा आलेखही स्वच्छ आला होता. दोन्ही समोर ठेवून ते म्हणाले, हळूहळू सुरू करायला हरकत नाही. त्या संध्याकाळी भिंगरीनं आत्याला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि बराच वेळ नळ नुसताच सोडून ठेवला. आत्याला वाटलं, दादाचं जे देणं राहून गेलं होतं ते आज फिटलं. एवढा आनंद तिला नोकरी लागल्यावरसुद्धा झाला नव्हता.

आता इथे त्या प्रयोगशाळेची एक खोड सांगायला हवी. बाहेरच्या वाटीत किती कॅल्शियम घालायचं यावर तिथे तासन्‌तास वाद व्हायचे. आतली वाटी मात्र जवळजवळ कॅल्शियमशिवायच ठेवायची, कारण तिथे कॅल्शियम असलं की रेघ गढूळ होते. सरांच्या सरांपासून चालत आलेली सवय. कोठाराची बाजू, आणि कोठारच रिकामं! पण रेघ सुंदर यायची, म्हणून कुणाला खटकलं नाही. आत्यालाही नाही.

भिंगरी शाळेच्या शर्यतीत पुन्हा पहिल्यांदाच उतरणार होती, त्या दिवशी सकाळी आत्या कामावर आली. शर्यत दुपारी होती, जायला वेळ होता. या दारावरच्या तिच्या शोधलेखासाठी एक चित्र अपुरं होतं, म्हणून तिनं सहज आतली वाटी भरायला घेतली. माणूस जीव तोडून पळतो, घाबरतो, हर्षानं वेडा होतो, तेव्हा शरीर पेशींच्या कोठारात कॅल्शियम ठासून भरतं. तसंच तिनं भरलं. बाहेरच्या वाटीत विश्रांतीएवढंच ठेवलं. निरोगी दार थोडं कुरकुरलं आणि गप्प राहिलं. मग तिनं भिंगरीचं दार लावलं.

रेघ उडाली. खाली आली, पुन्हा उडाली आणि उडतच राहिली. बाहेरून कुणी बोलावलेलं नाही, ठोक्याची वेळ नाही, आणि दार आपलं आपण सताड उघडतंय.

"आई गं," आत्या म्हणाली.

तिनं पापुद्रा बदलला. द्रावण बदललं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मनापासून मागितलं की माझी चूक निघू दे, बाटली खराब निघू दे, हात घाण निघू दे. काही निघालं नाही. पट्ट्यावर पोर पळाली होती, पण जीव तोडून नाही आणि हर्षानं वेडी होऊनही नाही. दादाचं हृदय कशानं थांबलं ते आता तिला कळलं, आणि ते कळायला तिनं आधी त्याच्या पोरीला मैदानावर पाठवलं होतं.

वहिनी फोन उचलेना. शाळेतही कुणी उचलेना, सगळे मैदानावर. आत्या टॅक्सीत बसली तेव्हा अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच होता. मैदानाच्या फाटकातून आत शिरली आणि तिला दिसलं, मुली रेषेपाशी जमत होत्या. भिंगरी कडेला उभी राहून पाय झटकत होती. शिक्षकांच्या हातात शर्यत सुरू करायचं पिस्तूल होतं.

हाक मारायला आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. हाक ऐकून पोर दचकली असती. आपल्याला धावत येताना पाहिलं तरी दचकेल. तिला दचकवायचं नव्हतं, घाबरवायचं नव्हतं, रडवायचं नव्हतं. जे जे केल्याशिवाय ही बातमी सांगताच येत नाही, ते काहीच करायचं नव्हतं. आत्यानं कोट काढून हातावर घेतला, चेहरा सारखा केला, आणि भाजी आणायला निघाल्यासारखी चालू लागली. मैदान संपता संपेना.

"आत्या!" भिंगरीनंच तिला पाहिलं. तोंडभर हसली. "तू आलीस!"

त्या हसण्यालासुद्धा आत्यानं बेतानंच हसून उत्तर दिलं.

"आले तर. चल, जरा माझ्याजवळ बस."

"आत्ता? अगं, सुरू होतेय शर्यत!"

"होऊ दे. बस तू." शिक्षकांकडे वळून ती हलक्या आवाजात म्हणाली, "ही नाही पळणार. मी नंतर सांगते." मग भिंगरीचा हात धरून तिनं तिला गवतावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. हात सोडला नाही.

"काय झालं? आई कुठाय?"

"आई त्या पायऱ्यांवर आहे, बरी आहे. सगळे बरे आहेत. आधी सावकाश श्वास घे. हां, असाच. राणी, माझं चुकलं गं."

"काय चुकलं?"

"दार मी एकाच बाजूनं पाहिलं. आज दुसऱ्या बाजूनं पाहिलं."

भिंगरी बुद्धीनं दादावर गेलेली, तिला आणखी सांगावं लागलं नाही. "बाबांसारखं?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं आत्याच्या जिभेवर आलं होतं. "हो," ती म्हणाली. "पण त्याचं कुणाला माहीत नव्हतं. तुझं आपल्याला माहीत आहे. गोळ्या आहेत, डॉक्टर आहेत. आपण आज, आत्ताच जायचं त्यांच्याकडे. सावकाश चालत."

"आणि पळणं?"

आत्यानं नकारार्थी मान हलवली.

रेषेवर मुली वाकल्या. पिस्तूल वर गेलेलं आत्याला दिसलं आणि तिनं झटकन भिंगरीचं डोकं कुशीत घेऊन दोन्ही कान तळव्यांनी झाकले. बार झाला. मुली सुटल्या. बुटांचा आवाज दूर जाईपर्यंत तिनं हात काढले नाहीत. तळव्याखाली पोरीच्या कानशिलाची शीर उडत होती, आणि आत्या जीव मुठीत धरून एकेक ठोका तपासत होती, हा बरोबर, हाही बरोबर.

भिंगरी कुशीतूनच हळू आवाजात म्हणाली, "आत्या, मला रडू येतंय. रडलेलं चालतं का?"

एवढी वर्षं त्या दाराशी घालवली, पण हे आत्याला ठाऊक नव्हतं. तिचे स्वतःचे डोळे केव्हाच वाहत होते.

"रड," ती म्हणाली. "पण हळूहळू रड, बाळा. मी धरलंय तुला."