हाक कधी द्यायची

एक

जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या सार्वजनिक सभागृहात फोदेसान दर शनिवारी सकाळी वीस मुलांना जेंबे शिकवत. जेंबे म्हणजे त्यांच्या देशातला, गिनीतला, बकऱ्याच्या कातड्याचा, हातांनी वाजवायचा ढोल. आता त्यांच्या बायकोची, कुमिकोची, कोबेला बदली झाली होती. वर्ग कुणी घेतला नाही तर बंद. लेकीला वर्गाला आणणाऱ्या नेत्राने सांगून टाकलं होतं, मी घेते. फोदेसानची अट एकच: हाक देता आली पाहिजे.

हाक म्हणजे मुख्य ढोलावरचे ठरलेले सात-आठ ठोके. ते ऐकले की नाचणारी पाऊल बदलते आणि बाकीचे ढोल तिच्यामागे वळतात.

चार

त्यात कठीण काय? नेत्रा सांगलीला अकरा वर्षं तबला शिकली होती. तिने मनात सोळा मात्रा धरल्या, कुमिको नाचू लागली, ढोल सुरू झाले, आणि सोळावी मात्रा संपताच नेत्राने हाक दिली. चोख समेवर.

कुमिको केव्हाची थांबून, कमरेवर हात ठेवून उभी.

"आई, ओसोई," मागच्या ढोलावरून नेत्राची लेक कस्तुरी म्हणाली. उशीर झाला, एवढं सांगायलाही पोरीला जपानीच सुचायचं.

सात

पुन्हा सोळा. पुन्हा उशीर. आवर्तन अर्धवट सोडायचं नाही, हे गुरुजींनी पट्टी मारून शिकवलेलं. ते हातातून निघता निघेना.

"नेत्रासान, तुमची मोजणी बरोबर आहे," फोदेसान म्हणाले. "पण कुमिको दमलीय."

मग त्यांनी समजावलं, की त्यांच्या गावी हाकेची वेळ नाचणारीचे पाय सांगतात. टाच जड पडू लागली की द्यायची.

नऊ

नेत्राने स्टूल फिरवलं. आता समोर फक्त पाय.

दहा. अकरा. टाच —

उरलेल्या पाच मात्रा कुठे गेल्या, कुणाला ठाऊक. कुमिकोचं पाऊल बदललं होतं, ढोल वळले होते. नेत्राने पायांवरची नजर काढली नाही. पुढची हाक सहाव्या मात्रेला. त्यापुढची तिने मोजलीच नाही.

"अजून अर्ध्या पावलाने मागे आहात," फोदेसान म्हणाले.

टेबलावर सभागृहाचा पुढच्या महिन्याचा अर्ज पडला होता. नेत्राने तो ओढला, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि कुमिकोकडे वळली.

"जायला अजून तीन शनिवार आहेत ना? मग नाचा."

कुमिकोने नवऱ्याकडे बघून लांब उसासा टाकला आणि केस पुन्हा घट्ट बांधले.