काडतुसांची पट्टी

मावशीच्या बंदुकीला चिकटवलेली, जादा काडतुसं धरणारी पट्टी उन्हाळ्यात सुटली, आणि सुटली तीही धड सुटली नाही. पैसे नेणाऱ्या व्हॅनच्या मागच्या कोठडीत पेट्या आणि मावशी एवढ्यांनाच जागा. दुपारी पत्रा असा तापायचा की पट्टीमागचा गोंद वितळला. काळा चिकट ओघळ बंदुकीवरून मावशीच्या बोटांना लागला, बोटांवरून पँटला आणि पँटवरून कसा कोण जाणे गालाला. त्याला केस चिकटले, धूळ चिकटली, एक मेलेली माशी चिकटली. रॉकेलने पुसावं तर तो आणखीच पसरायचा. मावशी घरी जाऊन हात धुवायची आणि जेवताना घासाला त्याचाच वास यायचा.

"मावशी, काहीतरी करा," ड्रायव्हर म्हणाला. "बँकेच्या दारात काडतुसं सांडली ना, तर लोक नोटा सोडून तीच वेचतील."

मावशी ती सगळ्यांची. तिच्याहून वयाने मोठा असलेला मॅनेजरसुद्धा तिला मावशीच म्हणायचा. नवरा याच व्हॅनवर पहारेकरी होता. तो गेल्यावर परवाना आणि बंदूक रीतसर तिच्या नावावर झाली आणि बंदुकीमागोमाग नोकरीही. कंपनीचा नियम असा, की काम संपलं की बंदूक एका कपाटात जाणार आणि काडतुसं दुसऱ्या. चिकटवलेल्या पट्टीतून ती एकेक करून उपटून काढताना मावशीची नखं तुटायची. तेव्हा नवी पट्टी घ्यायची तर अख्खी काढता येणारी घ्यायची, काडतुसांसकट उचलून कपाटात ठेवता येईल अशी, हे तिचं ठरलेलं होतं.

लेकीला फोनवर सहज बोलली, तिथेच चुकलं.

"अगं, ह्यांना घेऊन जा ना," लेक म्हणाली. "ह्यांना त्यातलं सगळं कळतं. सारखं तेच बघत असतात मोबाइलवर."

जावई बाथरूमच्या फरशांच्या शोरूममध्ये विक्रीला होता. गोड बोलणारा, गुबगुबीत, भांगसुद्धा न विस्कटणारा माणूस. त्याने उभ्या जन्मात डासापलीकडे काही मारलं नव्हतं. पण गाडी घेऊन दारात आला तो अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून.

"आई, आज तुम्ही फक्त बघा," तो म्हणाला.

मावशीने कंपनीत नोंद करून एका दिवसापुरती घरी आणलेली बंदूक पिशवीत घातली, काडतुसांचा डबा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसली. जावई बोलत होता. कुठलं काडतूस किती फाडतं, जवळून किती, लांबून किती. 'फाडतं' म्हणताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी जमायची, ती तो जिभेने पुसून घ्यायचा.

दुकानदाराने काचेच्या फळीवर तीन प्रकार मांडले. पहिला दस्त्यावर मोज्यासारखा चढवायचा, इलॅस्टिकचा. दुसरा जाड कापडाचा, वेल्क्रोवर चिकटणारा. तिसऱ्यात एक पातळ लोखंडी पट्टी बंदुकीच्या अंगाला स्क्रूने बसवायची आणि तिच्यावर काडतुसं धरणारी दुसरी पट्टी खाचेत सरकवायची. कळ दाबली की ती अलगद हातात येते.

"फास्ट रिलोडला कुठला?" जावयाने विचारलं.

"साहेब ओळखतात," दुकानदार खूश झाला. "हा वेल्क्रोवाला घ्या. एक संपला की टर्रकन उपटायचा, दुसरा लावायचा. चार-पाच माणसं अंगावर आली तरी फिकीर नाही."

"आठ काडतुसांचा आहे का? सहा म्हणजे फारच कमी वाटतात."

मावशीने आपली बंदूक पिशवीतून काढून मोजा दस्त्यावर चढवून बघितला. व्हॅनमध्ये बंदूक गुडघ्यांमध्ये उभी धरावी लागते, तिथे तो सीटच्या पट्ट्यात अडकणार हे लगेच कळलं. वेल्क्रोवाल्याची मागची बाजू उलटली तर तिथे गोंद. तिने तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, जसा कुणी जेवणातला केस ठेवावा.

तेवढ्यात दुकानदाराने मोबाइल पुढे केला. कुणीतरी रानडुकराला मारतानाचा व्हिडिओ होता. डुक्कर पडलं नव्हतं. पोट उघडं पडलेलं, आतलं मागे लोंबतंय, आणि ते तसंच पळत होतं, स्वतःच्याच आतड्यांवर पाय देत. जावई आणि दुकानदार डोक्याला डोकं लावून बघत होते. "परत लाव, परत लाव," जावई म्हणाला आणि खिदळला. मावशीने मान फिरवली आणि स्क्रूवाली पट्टी उजेडात धरून बघितली.

व्हिडिओ संपल्यावर जावयाने फळीवरची बंदूक उचलली, खांद्याला लावली आणि दुकानाच्या काचेतून समोरच्या फुटपाथवरून भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईवर धरली. ती जाईल तशी नळी हळूहळू फिरवत राहिला. मावशीने नळी धरून खाली दाबली.

"रिकामी आहे, आई."

"ते तुम्हाला माहीत आहे, जावईबापू. त्या बाईला माहीत आहे का?"

तो हसला. सासूने विनोद केला असं त्याला वाटलं.

मावशीने स्क्रूवाली घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने खालची पट्टी बसवून दिली. तिने आपली काडतुसं भरली, वरची पट्टी सरकवली, उलटी करून झटकली. एकही हललं नाही. डोळे मिटून कळ दाबली, पट्टी हातात आली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. जावई कंटाळून म्हणाला, "आई, एवढं काय बघायचं त्यात? दिसायला तर साधीच आहे."

जुना गोंद तिच्या बोटांवर अजून होता. ती मागे मोरीवर हात धुवायला गेली. साबणाच्या वडीवर दुसऱ्याचे केस होते. तिने नुसत्या पाण्याने हात चोळले आणि परत आली तेव्हा जावयाने उरलेली काडतुसं डब्यात भरून, झाकण लावून तयार ठेवली होती.

"चला," तो सोज्वळ हसून म्हणाला. "मी आवरून ठेवलंय सगळं."

तिला तिथून बाहेर पडायचं होतं. एरवी झाकण लावण्याआधी मोजणारी बाई त्या दिवशी मोजायची राहिली.

सकाळी कंपनीत कपाटवाल्या कारकुनाने मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. मावशीने पिशवी झटकली, खिसे उलटे केले आणि हात मध्येच थांबला. मोरीवरून परत आल्यावर जावयाच्या चेहऱ्यावरचं ते सोज्वळ हसू तिला आठवलं.

"कुठे आहे ते मला कळलं," ती मॅनेजरला म्हणाली. "घेऊन येते."

"मावशी, घेऊन आलात तरी मला लिहावं लागेल."

"लिहा."

लेकीच्या घरी जावई जेवायला बसला होता. त्याची साप्ताहिक सुटी. समोर मटणाची वाटी, हातात नळी, आणि ती तो डोळे मिटून चोखत होता. बोटांवरून तेल मनगटापर्यंत आलं होतं. टीव्हीशेजारच्या फळीवर नातीच्या बालवाडीतल्या बक्षिसाचा पेला, आणि त्याच्या शेजारी लाल काडतूस. पितळ घासूनपुसून लखलखीत केलेलं.

"आई, बस ना जेवायला," लेक म्हणाली.

मावशीने आधी काडतूस उचलून पिशवीत टाकलं. जावयाने नळी ताटात ठेवली.

"अहो, तुमच्याकडे तर इतकी आहेत. एक नुसतं आठवण म्हणून घेतलं. मी काय उडवणार होतो?"

"फळी नातीच्या हाताला येते."

"तिला सांगितलंय, हात लावायचा नाही म्हणून."

लेकीने पोळी वाढली. मावशी भिंतीला टेकून उभी राहिली. जावयाने किती वेळा विचारलं होतं, आई, कधी कुणाला उडवलंत का, एकदा सांगा ना. तिने लेकीलाही जे कधी सांगितलं नव्हतं ते ती आता सांगू लागली. आवाज चढवला नाही.

"नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. पेट्रोलपंपावर दोघं व्हॅन लुटायला आले. त्यांनी दार उघडलं तेव्हा माझ्या जोडीला जो पहारेकरी होता, त्याने पुढच्याच्या मांडीत गोळी घातली. अगदी जवळून. मांडी म्हणून काही राहिलंच नाही. मी माझा पट्टा काढून वर आवळत होते आणि बोटं आत जात होती. कोमट होतं सगळं. त्याला शी झाली होती. त्याचा वास, रक्ताचा वास आणि पेट्रोलचा वास. एवढासा पोरगा, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. मला म्हणाला, काकू, आईला सांगू नका. रुग्णवाहिका यायच्या आत गेला. संध्याकाळी व्हॅन मीच धुतली. पेट्यांच्या खाचांत काय काय अडकलं होतं ते काडीने काढलं. तेव्हापासून मी मटण खात नाही. हिला वाटतं, पित्तामुळे."

लेकीने तोंडावर हात धरला होता. जावई सासूकडे टक लावून बघत होता, त्याचे डोळे ओले झाल्यासारखे दिसले आणि क्षणभर मावशीला वाटलं, पोचलं.

"बापरे," तो हळूच म्हणाला. मग जरा पुढे वाकला. "पण आई, काडतूस कुठलं होतं? मोठ्या छऱ्यांचं असणार ना?"

आणि त्याने नळी पुन्हा उचलली.

मावशीला वाटलं, आपण शी-घाण तोंडाने उचलून याच्या ताटात वाढली आणि याने ती चाटूनपुसून खाल्ली. त्या पोराच्या आईला मावशी कधी भेटली नव्हती, पण त्या घटकेला मावशीला तिच्यापुढे भयंकर लाज वाटली. आपण हे सांगायलाच नको होतं. जे इतकी वर्षं झाकून ठेवलं, ते या माणसाच्या तोंडी लागलं. उद्या शोरूममध्ये फरशा दाखवता दाखवता हा ते गिऱ्हाइकांना सांगेल, वर आणखी तिखटमीठ लावून.

"मी निघते," ती लेकीला म्हणाली.

लेक जिन्यापर्यंत आली. "आई, ते तसे वाईट नाहीत गं," ती म्हणाली, पण बोलता बोलता तिने स्वतःच मान खाली घातली. "त्यांना कळत नाही."

"तुला कळलं ना?"

"मला आता आत जावंसं वाटत नाहीये," लेक म्हणाली. तरी ती आत गेली. नात आत होती.

मावशीने काडतूस जमा केलं, जबाब दिला आणि जावयाचं नाव जसंच्या तसं सांगितलं. पोलिसांचा एक माणूस शोरूमवर जाऊन त्याला दम देऊन आला. जावई सासूशी बोलेनासा झाला. शोरूममध्ये सगळ्यांसमोर अपमान झाला म्हणे. मावशीला महिनाभर व्हॅनवरून काढून नोटा मोजायच्या खोलीत बसवलं. महिना संपल्यावर ती पुन्हा व्हॅनच्या कोठडीत गेली. नवी पट्टी तापली तरी जागची हलत नव्हती, आणि हात कोरडे राहत होते.

रविवारी लेक नातीला घेऊन येते. दोघीच येतात. मावशी जावयाबद्दल विचारत नाही, लेकही सांगत नाही. मागच्या खेपेला मात्र आल्या आल्या लेकीने चप्पलही न काढता विचारलं, "आई, इथून हिची शाळा किती लांब पडेल गं?"

"जवळच आहे," मावशी म्हणाली आणि वरच्या फळीवरची गादी झटकायला काढली.